मदत हवी आहे: स्वतःच्या रानातले ट्रेल कॅमेरे चोरीला जात आहेत

नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यात, घाटाच्या पायथ्याशी आमची वडिलोपार्जित चौदा एकर जमीन आहे. चार एकरांत काजू आणि थोडी आंब्याची कलमे आहेत. उरलेल्या दहा एकरांत वडिलांनी कधी कुऱ्हाड लावू दिली नाही, त्यामुळे तिथे ऐन, किंजळ आणि जांभळीचे दाट रान उभे आहे. मधून पऱ्या वाहतो आणि त्याच्या एका लहान डोहात मेअखेरपर्यंत पाणी टिकते. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो, महिन्यातून एकदा गावी जातो. एरवी बाग चुलत भाऊ पाहतो.

2021 पासून मी डोहाच्या आसपास पाच ट्रेल कॅमेरे, म्हणजे समोरून जनावर गेले की आपोआप चित्र घेणारे कॅमेरे, लावत आलो आहे. पावसाळ्यात ते काढून ठेवतो आणि दिवाळीनंतर पुन्हा लावतो. आजवर रानडुक्कर, भेकर, साळिंदर आणि उदमांजर नेहमी, बिबट्या दोनदा आणि खवले मांजर एकदाच, पहाटे तीनच्या सुमारास, टिपले गेले. ते एक छायाचित्र वडिलांनी जाण्यापूर्वी पाहिले, याचे मला फार समाधान आहे.

पहिला कॅमेरा 2023 च्या उन्हाळ्यात गेला. तो कुणी गुराखी सहज घेऊन गेला असेल असे समजून मी विषय सोडून दिला. या फेब्रुवारीत मात्र एकाच रात्री दोन कॅमेरे गेले. पट्टा कोयत्याच्या एका घावात कापला होता आणि मी मोठ्या विश्वासाने लावलेले पितळी कुलूप त्या कापलेल्या पट्ट्याच्या टोकाला तसेच लोंबत होते. तिसरा कॅमेरा झाडावरच होता, पण त्यातले चित्रांचे मेमरी कार्ड काढून घेतले होते. आठही सेल जागेवर, आणि झाकण पुन्हा नीट दाबून बंद केलेले. तिथून पन्नास पावलांवर, डुकरांच्या वाटेवर, दुचाकीच्या क्लच वायरची फासकी बांधलेली आढळली. ती मी आणि भावाने मिळून सोडवली. हे सारे पाहता, कॅमेरा विकून चार पैसे मिळवावेत एवढाच नेणाऱ्याचा हेतू असेल असे मला वाटत नाही. आपण टिपले गेलो आहोत, हे त्याला कळले होते.

आता उरलेल्या दोन कॅमेऱ्यांचे काय करावे, हा प्रश्न आहे. लोखंडी पेटी करून घ्यावी, की कॅमेरे उंचावर न्यावेत? चित्र लगेच फोनवर पाठवणारा सिमकार्डाचा कॅमेरा घ्यावा, तर रान खोलगट भागात असल्याने तिथे नेटवर्क मिळत नाही; वरच्या सड्यावर, म्हणजे माथ्याच्या सपाट कातळावर, तेवढे बऱ्यापैकी येते. आणि तक्रार करावी, तर ती कोणाकडे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

— किंजळ

*

किंजळ, आपला अंदाज बरोबर असावा. मी सात वर्षे निरनिराळ्या वन्यजीव सर्वेक्षणांत कॅमेरे लावण्याचे काम केले आहे आणि नुसते कार्ड काढून नेल्याचे प्रकार मीही पाहिले आहेत.

सर्वप्रथम आपल्या कॅमेऱ्याची रात्रीच्या चित्रांसाठीची अवरक्त (इन्फ्रारेड) फ्लॅश कोणती आहे ते पाहा. 850 नॅनोमीटरची असेल, तर चित्र घेताना समोरच्याला लालसर ठिपक्यांचा पुंजका अंधारात स्पष्ट दिसतो, आणि रात्री रानात फिरणाऱ्या माणसाला तो हेरण्यास एक क्षण पुरतो. 940 नॅनोमीटरची फ्लॅश डोळ्यांना दिसत नाही. तिचा पल्ला कमी असतो आणि चित्र थोडे काळपट येते, पण आपल्याला डोहाचा काठच टिपायचा असल्याने पल्ल्याची अडचण येऊ नये.

पेटीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याची पेटी करून ती दहा मिलिमीटरच्या पोलादी केबलने बांधली, तर कोयत्याचे काम थांबेल. मात्र पेटी निघत नाही असे दिसले की दगड घालून भिंगच फोडतात, हेही पाहिले आहे. म्हणून एक कॅमेरा पेटीत, माणसाला दिसेल अशा गुडघ्याच्या उंचीवर ठेवावा आणि दुसरा त्याच्यापासून पाच-सहा मीटरवर, साडेतीन मीटर उंचीवर, तिरपा खाली वळवून, पहिल्यावर नजर ठेवेल असा बांधावा. वर चढण्यासाठी नेलेली शिडी रानात ठेवू नये. जनावराच्या अंगातली ऊब हेरणाऱ्या संवेदकाची पकड उंचावरून कमी होते, आणि एप्रिल-मेमध्ये भोवतालची हवा जनावराच्या अंगाइतकीच तापली की ती आणखी मंदावते. त्यामुळे वरच्या कॅमेऱ्याकडून भेकरांच्या चित्रांची अपेक्षा धरू नये. त्याचे काम राखणीचे आहे.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. कॅमेऱ्यासमोरच्या फांद्या आपण छाटतो, आणि ताज्या छाटलेल्या फांदीचा पांढरा काप लांबूनही दिसतो. त्यावर ओली माती चोळावी. आडव्या पट्ट्याची सरळ रेघही अशीच नजरेत भरते, म्हणून त्याला गोणपाट गुंडाळावे.

— घाटमाथा

*

मला तांत्रिक माहिती नाही, पण एक विनंती आहे. त्या रानातून वाडीतल्या बायका लाकूडफाट्याला आणि पाण्याला जातात का, हे आधी पाहा. राखणीचा कॅमेरा माणसांकडेच रोखलेला असणार, तेव्हा हा विचार अधिकच आवश्यक आहे. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात अशा कॅमेऱ्यांमुळे स्त्रियांवर जे दडपण आले, त्याविषयीचे केंब्रिज विद्यापीठातील संशोधन 2024 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. एका स्त्रीचे तिच्या नकळत टिपले गेलेले चित्र गावभर फिरवण्यात आले होते. कॅमेरे कुठे आहेत हे वाडीला सांगू नका, पण कॅमेरे आहेत आणि ते कशासाठी आहेत हे अवश्य सांगा. खवले मांजराचे ते छायाचित्र शाळेत दाखवा. आपल्या रानात काय राहते हे मुलांना ठाऊक झाले, तर घराघरांत त्याची चर्चा होईल.

— रानजाई

*

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून केवळ तक्रारीपुरते लिहितो.

चोरीसाठी आता भारतीय न्याय संहितेचे कलम 303 लागू आहे. मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर तो अदखलपात्र गुन्हा ठरतो, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत; त्यामुळे खरेदीची बिले आणि कॅमेऱ्यांचे अनुक्रमांक सोबत घेऊन जा आणि त्या रात्री गेलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांची एकत्रित किंमत तक्रारीत स्पष्ट लिहा. फासकीचा विषय वेगळा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार जनावर पकडण्यासाठी फासा लावणे हीसुद्धा शिकारच आहे, मग त्यात काही अडको वा न अडको, आणि जमीन खासगी असल्याने त्यात फरक पडत नाही. त्याची माहिती परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना लेखी द्या. तातडीची वेळ आल्यास वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे. पुढच्या वेळी फासकी आपण सोडवू नका. अडकलेले जनावर नसेल, तर छायाचित्र काढून ती जागेवरच ठेवा आणि पंचनामा होऊ द्या.

राखणीच्या कॅमेऱ्यात कुणाचा चेहरा आला, तर तो व्हॉट्सॲपवर मुळीच टाकू नका आणि त्या माणसाला जाब विचारायला एकटे जाऊ नका. त्याच्याकडे बंदूक असू शकते. मूळ कार्ड पाकिटात सीलबंद करून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि ते कार्ड कोणाच्या ताब्यात होते, हा प्रश्न न्यायालयात हमखास निघतो.

— वकील_कोकण

*

सर्वांचे मनापासून आभार. माझे पाचही कॅमेरे 850 चेच होते, हे काल खोकी काढून तपासले.

रानजाई ताई, आपण लिहिले ते मला आधीच सुचायला हवे होते. डोहाच्या वरच्या अंगाने जाणारी पायवाट बायकांची आहे आणि माझ्या एका कॅमेऱ्याचे तोंड त्याच बाजूला होते. तो भावाने आज सकाळी उतरवला. शिमग्याला मुंबईकरांसह सारी वाडी गावात असते. तेव्हा मंडळींसमोर छायाचित्रे दाखवण्याचे ठरवले आहे, आणि शाळेत त्याआधीच जाईन. फासकीची लेखी माहिती सोमवारी देत आहे. ती सोडवण्यात चूक झाली हे खरे, परंतु वायर आणि जागेचे छायाचित्र जपून ठेवले आहे.

एक प्रश्न मात्र अजून बाकी आहे. काही कॅमेरे आपापसांत रेडिओने जोडले जातात आणि त्यांतला एकच सिमकार्डाचा कॅमेरा नेटवर्कमध्ये असला, तरी बाकीच्यांची चित्रे त्याच्यामार्फत पोहोचतात, असे वाचले. म्हणजे कॅमेरा गेला तरी चित्र हाती राहील. माझ्या डोहापासून सड्याच्या कडेपर्यंतचे अंतर सुमारे चारशे मीटर आहे, चढ बराच आहे आणि मध्ये ऐनांची दाटी आहे. पानगळीच्या दिवसांत आणि त्यानंतर पालवी फुटल्यावर हा दुवा टिकतो का, याचा अनुभव घाटमाथा किंवा अन्य कुणाला असल्यास कृपया कळवावे. खर्च मोठा आहे, आणि एक संच घेण्याइतकेच पैसे मी बाजूला काढू शकतो.

— किंजळ