जुलाबात ओआरएस प्यायलं की ओकते. काय चुकतंय?

घोडबंदरची आई:
मुलगी 14 महिन्यांची, वजन 9 किलो. कालपासून पाण्यासारखे जुलाब, दिवसाला 6-7. ताप नाही, रक्त नाही, खेळतेय. सोसायटीत टँकरचं पाणी. ओआरएसची पुडी आणली, पेलाभर पाण्यात दोन चमचे पावडर टाकून देते, पण प्यायली की ओकते. सासूबाई म्हणतात दूध बंद कर, पोटाला आराम दे. जुलाब थांबवायचं औषध देऊ का?

बालरोग वाशी:
आधी ते चमचे बंद करा. ओआरएस कधीच चमच्याने मोजायचं नसतं. मोठी पुडी (साधारण 21 ग्रॅम) पूर्ण 1 लिटरमध्ये, छोटी (4 ग्रॅमच्या आसपास) 200 मिलिमध्ये, एका वेळी अख्खी. पेल्यात दोन चमचे म्हणजे जवळपास दुप्पट घट्ट. मीठ-साखर ठरलेल्या प्रमाणात असली तरच आतडं पाणी शोषतं. साखर वाढली की उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. मीठ वाढलं तर रक्तातलं सोडियम चढतं, ते जास्त वाईट. पाणी फीडिंग बाटलीच्या खुणांवर मोजा, घरातल्या पेल्यांचा भरवसा नाही.

आता ओकण्याचं. पेला तोंडाला लावू नका. उलटी झाली की 10 मिनिटं थांबा, मग दर 2-3 मिनिटांनी एक छोटा चमचा. कंटाळवाणं आहे, पण पोटात राहतं ते असंच. प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलि. कालवलेलं 24 तासांनी ओतून द्या.

अंगावरचं दूध अजिबात बंद करू नका, उलट जास्त वेळा पाजा. मऊ खिचडी, दहीभात, केळं थोडं थोडं. उपाशी ठेवल्याने आतडं बरं व्हायला वेळच लागतो. जुलाब थांबवायच्या गोळ्या या वयात नकोतच. अँटिबायोटिकही मनाने नको, बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात.

कळवा नर्सताई:
झिंक राहिलं. 6 महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिग्रॅ, 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी 14 पूर्ण करा, इथेच बहुतेक घरी सोडून देतात. गोळी चमचाभर दुधात विरघळते. सिरप असेल तर 5 मिलित किती मिग्रॅ ते लेबलवर वाचा. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ओआरएस आणि झिंक दोन्ही मोफत मिळतं.

आणि डायपर काढा. पातळ शीमध्ये शू झाली की नाही कळतच नाही. सुती लंगोट बांधून बघा.

घोडबंदरची आई:
पुडी छोटीच निघाली, 200 मिलिची. आता चमच्याने देतेय. दुकानदार टेट्रापॅकमधलं घ्या म्हणत होता, चवीला बरं असतं म्हणे. दवाखान्यात कधी न्यायचं?

बालरोग वाशी:
चवीला बरं कारण साखर जास्त. ते औषध नव्हे, पेय. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) अशा पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली. जुना माल कुठे दिसला तरी घेऊ नका. पुडीवर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेला बघा.

6 तास शू नाही, डोळे किंवा टाळू खोल, रडताना अश्रू नाहीत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसते, शीमध्ये रक्त, चमच्यानेही काही टिकत नाही, किंवा मूल मलूल: यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा. वाटेतही चमचा चालू ठेवा.

कळवा नर्सताई:
टँकरच्या पाण्याला खळखळून उकळी आली की आणखी 1 मिनिट ठेवा, झाकून गार करा, मगच पुडी टाका. कालवलेलं ओआरएस पुन्हा उकळायचं नाही. वाटी-चमचाही त्याच पाण्याने धुवा, आणि लंगोट बदलल्यावर साबणाने हात.