नाटकाच्या पोस्टरवरचा वाघ आणि रंगमंचावरचा डबा: परवानगी नेमकी कशासाठी हवी?

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू झाले की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत गावोगावी झाडीपट्टी नाटकांची पोस्टरे लागतात. आमच्या चौकात सध्या लागलेल्या एका पोस्टरवर झेप घेणारा वाघ आहे. जवळ जाऊन पाहिले तर त्याच्या मागच्या पायाशी गवताचा एक पट्टा सारवल्यासारखा पुसट दिसतो आणि त्यात एका अक्षराचा शेंडा अजून शिल्लक आहे. तेथे छायाचित्रकाराचे नाव होते, ते खोडले गेले आहे. याच परिसरात फवारणीच्या विषबाधेवरचे एक नाटकही चालू आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्याची पार्श्वभूमी या नाटकाला आहे. त्यात मात्र कीटकनाशकाच्या डब्यावरचे कंपनीचे बोधचिन्ह कोरा कागद चिकटवून झाकलेले असते.

जेथे परवानगी घ्यायलाच हवी तेथे आपण ती घेत नाही आणि जेथे तिची गरज नाही तेथे भिऊन हात आखडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉपीराइट कायदा 1957 नुसार छायाचित्र काढले त्या क्षणी त्यावरचा हक्क निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. आणि 2012 च्या दुरुस्तीनंतर तो हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे टिकतो. याउलट ट्रेडमार्क कायदा 1999 मुख्यतः व्यापारातील वापराशी, म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करून आपला माल दुसऱ्याच्या चिन्हाखाली खपवण्याशी संबंधित आहे. रंगमंचावरचे पात्र डबा विकत नसते, ते त्या डब्यामुळे काय घडले हे सांगत असते.

मंडळ व्यवस्थापक, वडसा

आपले म्हणणे कागदावर ठीक आहे, पण धंदा कसा चालतो तेही पाहावे. गावचे मंडळ प्रयोग ठरवते, तारीख तोंडावर आलेली असते, डीटीपीवाला रात्री बसून पोस्टर करतो आणि पहाटे ते छापायला जाते. इंटरनेटवर शंभर ठिकाणी फिरलेल्या चित्राचा मूळ मालक त्या रात्री कोणाला विचारून शोधायचा? शिवाय आमच्या एका पोस्टरमुळे त्या छायाचित्रकाराचे कोणते गिऱ्हाईक तुटते? कित्येक गावांत तिकिटाच्या पैशातून मंदिराचे किंवा शाळेच्या खोलीचे काम होते. हौशी मंडळांना कायद्यात सूट आहे, असेही मी ऐकून आहे.

वैनगंगाकाठ

ती सूट कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे, पण ती साहित्यकृती, नाटक किंवा संगीत सादर करण्यापुरती आहे. तीही हौशी संस्थेने विनातिकीट प्रेक्षकांसमोर किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या सादरीकरणाला. मंदिरासाठी प्रयोग केला म्हणून पोस्टरवर कोणाचेही छायाचित्र छापण्याची मुभा त्यातून मिळत नाही. मालक सापडत नसेल तर ते चित्र सोडावे. विकिमीडिया कॉमन्सवर अटींसह खुली केलेली छायाचित्रे आहेत. त्यांतील बहुतेकांची पहिली अट छायाचित्रकाराचे नाव देण्याचीच असते, आणि आपण नेमके तेच पुसतो.

रानवाटा

पोस्टरवरचा तो वाघ माझ्याच छायाचित्रातला आहे. मी ताडोबाच्या परिसरात छायाचित्रे काढतो आणि लेन्सचे हप्ते अजून फेडतो आहे. ‘कोणते गिऱ्हाईक तुटते’ या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे: फुकट उचलणारा प्रत्येक जण माझे तुटलेले गिऱ्हाईकच असतो. तरीही पैशांपेक्षा नाव खोडणे मला अधिक लागते. कलम 57 प्रमाणे हक्क विकल्यानंतरही कृती आपली असल्याचे सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. आपल्या भागातल्या नाटकाला मी नावावर आणि अगदी थोड्या मानधनावर चित्र दिले असते, पण विचारायला कोणी आले नाही. नाट्यमंडळेही माझ्याकडून कलाकारांची छायाचित्रे काढून घेतात आणि पुढे वर्षानुवर्षे न विचारता वापरतात.

तालुका वकील

रानवाटा यांच्या शेवटच्या तक्रारीशी मी सहमत नाही. मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो; कलम 17 तसेच म्हणते. कलाकारांची ती छायाचित्रे मंडळाची आहेत. वाघ मात्र नक्कीच तुमचा आहे, आणि धंद्यासाठी केलेल्या अशा उल्लंघनाला कलम 63 खाली किमान सहा महिने कैद आणि 50,000 रुपये दंड आहे, हे व्यवस्थापकांनी ध्यानात घ्यावे.

बोधचिन्हाबाबत मात्र धागाकर्त्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. ट्रेडमार्कचा मुद्दा टिकला तरी, अमुक कंपनीच्या औषधाने माणूस मेला असे रंगमंचावरून सांगणे आणि ते सिद्ध करता न येणे ही बदनामी ठरू शकते. कागद चिकटवणारा नेपथ्यकार भित्रा नाही, तो आपले मंडळ वाचवतो आहे.

वैनगंगाकाठ

वकीलसाहेब, जे सिद्ध करता येत नाही ते बोलू नये, हे मला मान्य आहे. पण तो संवादाचा प्रश्न झाला, चिन्हाचा नव्हे. ओडिशातील धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका आहे, असे सांगणाऱ्या एका ऑनलाइन खेळात ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेने टाटांचे चिन्ह वापरले होते, तेव्हा 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या खेळावर अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापर्यंतची, मनाई देण्यास नकार दिला. टीकेसाठी केलेला वापर आणि व्यापारासाठी केलेला वापर न्यायालयाने तेथे वेगळा मानला. डबा कोणत्या कंपनीचा हे ज्या शेतमजुराने स्वतः पाहिले आहे, त्याच्यासमोर तो कोरा करून ठेवण्यात मला नाटकाचा पराभव दिसतो.

तालुका वकील

तो अंतरिम आदेश होता, आणि समोर जगभर पसरलेली संस्था होती. वडशाच्या मंडळाला नोटीस आली तर निकाल लागेपर्यंत हंगाम हातचा जाईल. माझे मत मी बदलत नाही.

मंडळ व्यवस्थापक, वडसा

डब्याच्या बाबतीत मी वकीलसाहेबांच्या बाजूने आहे, कागद राहू द्या. वाघाचे म्हणणे मात्र मला पटले. रानवाटा भाऊ, फोनवर तुम्ही हो म्हटले तर तेवढे पुरेल काय?

रानवाटा

पुरणार नाही. कलम 30 प्रमाणे परवाना लेखी लागतो. मोबाइलवर संदेश पाठवला तरी हरकत नाही, पण त्यात कोणते छायाचित्र, कोणत्या नाटकासाठी, किती हंगामांसाठी, आणि फक्त छापील पोस्टरवर की यूट्यूबवरच्या जाहिरातीतही, हे लिहा. माझे नाव वाघाच्या पायाशी जेथे होते तेथेच राहू द्या.