रेघ वाकलीच नाही तर?

व्यायामात ज्या हृदयगतीपुढे रक्तात लॅक्टेट (स्नायूंत तयार होणारा पदार्थ) झपाट्याने साचू लागतं, ती सीमा म्हणजे अ‍ॅनेरोबिक थ्रेशोल्ड. ती काढायला '२२० वजा वय, त्याचे ८५ टक्के' असा हिशेब सांगितला जातो, तो मला पटत नाही. कमाल हृदयगतीचं ते सूत्र सरासरीचं. एकाच वयाच्या दोघांत वीसेक ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय ती टक्केवारीही सरावानुसार बदलते. म्हणजे अंदाजावर अंदाज.

इटलीच्या कॉन्कोनी यांनी १९८२ मध्ये वेगळी वाट काढली. वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा, दर टप्प्याला ठोके नोंदवायचे आणि सरळ चढणारी रेघ जिथे वाकते तो थ्रेशोल्ड. कल्पना झकास, पण कित्येकांची रेघ वाकतच नाही. माझी ट्रेडमिलवर १७८पर्यंत सरळसोट गेली आणि आधी पायच संपले! वाकली तरी तो बिंदू रक्तातलं लॅक्टेट मोजून काढलेल्या थ्रेशोल्डपेक्षा बरेचदा वर पडतो.

त्यापेक्षा तीस मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल अशा जोरात एकट्याने पळा आणि शेवटच्या वीस मिनिटांतल्या ठोक्यांची सरासरी घ्या, तोच तुमचा थ्रेशोल्ड धरा. ठोके मोजणारा पट्टा छातीवरचा हवा. मनगटावरचं घड्याळ कधीकधी पावलांचा ठेकाच मोजत बसतं. बीटा-ब्लॉकर (हृदयगती कमी ठेवणारं औषध) चालू असेल तर मात्र यातलं काहीच लागू नाही, तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली श्वासवायूंची चाचणीच करावी.