मीटरवर ३८,४१२, गाडी १९६८ ची: खरं रनिंग ओळखायचं कसं?

कोथरूडचा नवखा:

नमस्कार मंडळी. मी सातवीत असताना वडिलांनी त्यांची फियाट विकली. गल्लीच्या टोकाला ती वळली तेव्हाचा मागचा लाल दिवा अजून डोळ्यांसमोर आहे. आता पन्नाशीला आलोय, हातात थोडे पैसे आहेत आणि बायकोने "एकदाचं घेऊन टाका" म्हटलंय.

मिरजेजवळ एका जुन्या घराच्या पडवीत १९६८ ची फियाट ११०० डी, म्हणजे आपली डिलाइट, उभी आहे. फिकट राखाडी रंग, स्टिअरिंगवरचा गिअर. मूळ मालक डॉक्टर होते, आता नाहीत. मुलगा विकतोय आणि मधे एजंट आहे. एजंटचं एकच पालुपद: "डॉक्टरची गाडी, एकहाती, जेन्युइन अडतीस हजार." मीटरवर खरंच ३८,४१२ आहे. गाडी १९९१ पासून बंद. मागतायत सव्वातीन लाख.

फोटोत सीट बरी दिसते, पत्राही बरा वाटतो. पण इतक्या वर्षांत फक्त अडतीस हजार? रविवारी बघायला जायचंय. काय बघू? मला प्लग आणि पॉइंट यांतला फरक कळतो, त्यापुढे अंधार.

गिरगावकर:

आधी मीटरला आकडे किती ते बघा. पाचच असतील तर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे ३८,४१२ म्हणजे १,३८,४१२ असेल किंवा २,३८,४१२ असेल. एजंट खोटं बोलत नाही, फक्त पुढचा आकडा सांगत नाही.

दुसरं म्हणजे गाडी मुंबईची टॅक्सी तर नव्हती ना? हसू नका. आमच्या चाळीतल्या एकाने "प्रायव्हेट, फॅमिली यूज" म्हणून पद्मिनी, म्हणजे नंतरच्या नावाची हीच फियाट, घेतली. डिकीच्या बिजागरीमागे बोट घातलं तर नखात पिवळा रंग आला. डाव्या मडगार्डाजवळ मीटर लावायची भोकं पुटीने बुजवलेली होती. रंगारी सगळीकडे फवारा मारतो, पण बिजागरीच्या मागे, टपाच्या कापडाच्या वर आणि डॅशबोर्डच्या खाली कोण मारणार? काळी-पिवळी असेल तर तिथे सापडतेच.

उद्यमनगर बोअरवाला:

पावणं, जरा सविस्तर लिहितो, वाचायला वेळ काढा. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात सत्तावीस वर्षं बोअरिंग मशीन चालवलं, म्हणजे इंजिनाचे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करायचं. आता मुलगा चालवतो, मी चहा पितो आणि त्याला शिव्या देतो. फियाटची ब्लॉकं किती आली याचा हिशेब नाही. १०८९ सीसी, चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी, ७५ चा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव. झोपेत विचारलं तरी सांगीन.

पहिली गोष्ट, मीटरचं ऐकू नका. मीटर फिरवणारा माणूस हुशार असतो असंही नाही. कित्येकदा कुणी मीटर फिरवतच नाही, नुसती केबल तुटलेली असते. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत ती लांब केबल जाते, ती तुटली की काटा शून्यावर आणि आकडे जागच्या जागी. पूर्वी लोक म्हणायचे, स्पीड बघून काय करायचंय, गाडी तर चालतीय. चार-चार वर्षं तशीच चालवायचे. आकडे एका रेषेत आहेत का ते बघा, मीटरच्या रिंगणावर पेचकसाचे ओरखडे आहेत का ते बघा. आणि एवढं बघून तिथून पुढे व्हा.

आता पाय. ब्रेकच्या पेडलचं रबर नवं असेल तर त्याला अर्थ नाही, ते बाजारात मिळतं. पण रबर काढून खालचं लोखंड बघा. अडतीस हजाराच्या गाडीत त्या लोखंडाची कड धारदार असते. दीड लाखाच्या गाडीत ती बुटाने घासून गोल आणि चकचकीत झालेली असते. ड्रायव्हरचा दरवाजा अर्धा उघडून धरा आणि वर उचलून बघा. बिजागरीत खडखड आली तर तो दरवाजा किती वेळा उघडलाय ते तोच सांगेल. डॉक्टर म्हणजे व्हिजिट, व्हिजिट म्हणजे दरवाजा. तेव्हा इथे थोडी सूट द्या. गिअरची दांडीही हलवून बघा. तिच्या जोडांतली बुशं गेली की ती दांडी म्हाताऱ्याच्या दातासारखी हलते.

इंजिनाचं सांगतो, कारण लोक तिथेच फसतात. प्लग काढून आतमध्ये मोबाइलला जोडायचा बारका कॅमेरा घालता येतो. सिलिंडरच्या वरच्या टोकाला, पिस्टनची रिंग पोचत नाही तिथे, एक कडा राहते. नवीन गाडीत ती जवळपास नसतेच, चाललेल्या गाडीत पायरीसारखी दिसते. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवायला दिलं तर तीच कडा नखाला लागते. आणि पिस्टनच्या डोक्यावर साइजचा शिक्का असतो. बोअर मारला असेल तर तिथे ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या पिस्टनचा आकडा, दिसेल. अडतीस हजारात फियाटला बोअर मारावा लागत नाही, अपवाद वेगळा.

पण शिक्का स्टँडर्ड दिसला म्हणून नाचू नका. शेवटच्या साइजपर्यंत बोअर मारून झाला की आम्ही ब्लॉकमध्ये स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, ठोकायचो आणि पुन्हा स्टँडर्ड पिस्टन घालायचो. म्हणजे सगळ्यात जास्त चाललेलं इंजिन आणि कधीच न उघडलेलं इंजिन, दोन्हींत पिस्टन स्टँडर्डच. हेड उतरवलं असेल तर ब्लॉकच्या वरच्या तोंडावर टॉर्च तिरका धरा. प्रत्येक बोअरभोवती केसाएवढी गोल रेघ दिसली तर ती स्लीव्ह. मी स्वतः अशा शेकड्याने ठोकल्यात आणि पुढे त्याच गाड्या "ओरिजिनल इंजिन, स्टँडर्ड पिस्टन" म्हणून विकलेल्याही ऐकल्यात.

डॉक्टरच्या गाडीचा अजून एक घोळ आहे. दवाखाना ते घर अर्धा मैल, तिथून पेशंटकडे एक मैल. इंजिन तापायच्या आत बंद. चोक ओढलेला, पेट्रोल ऑइलमध्ये उतरलेलं. असं इंजिन कमी किलोमीटरमध्ये झिजतं. मुंबई-पुणे मारणाऱ्या सेल्समनच्या गाडीचं ऐंशी हजारालाही ठणठणीत असतं. तेव्हा बोअर झिजलेला दिसला म्हणून लगेच मीटर खोटं म्हणू नका.

आणि आता माझी फजिती. १९९४ ला मी स्वतःसाठी एक पद्मिनी घेतली. इंजिन चालू केलं आणि भुललो, घड्याळासारखं होतं. बोअरवाला माणूस, दुसरं काय बघणार! इंजिन नंबर आरसी पुस्तकाशी, म्हणजे नोंदणीच्या पुस्तकाशी, जुळला. नावावर करायला पेन्सिलने चेसिस नंबरचा ठसा घेतला तर कागदावर नंबरच्या कडेने आडवी रेघ उमटली. नंबरचा तुकडा दुसऱ्या गाडीतून कापून आणून वेल्डिंगने बसवला होता. फियाटला वेगळी चेसिस नसते, बॉडीच चेसिस. म्हणजे मी जी गाडी घेतली होती तिच्यातला हातभर पत्राच कागदावरच्या गाडीचा होता. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत. तेव्हापासून पैसे मोजायच्या आधी ठसा घेतो. पातळ कागद, मऊ पेन्सिल, दोन मिनिटांचं काम. आकडे सगळे एका खोलीचे आहेत का आणि भोवतालचा पत्रा सपाट आहे का, कागदावर लगेच कळतं.

कोथरूडचा नवखा:

काका, हे प्रिंट काढून नेतोय. पत्र्याबद्दल थोडं सांगाल का?

उद्यमनगर बोअरवाला:

लोहचुंबक न्या, फडक्यात गुंडाळून. दरवाज्याखालचा उंबरठा, मागच्या चाकावरची कमान, हेडलाइटच्या भोवती. चिकटलं नाही तर खाली पुटी. पण सगळ्यात चांगली जागा म्हणजे दरवाज्याच्या चौकटीचं रबर. ते हळूच उपसा. आतल्या पट्टीवर कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे दिसतात, साधारण सारख्या अंतरावर, जसं शिंपिणीने टाके घातलेत. जिथे खळगे गायब आणि त्या जागी गॅस वेल्डिंगचा ओबडधोबड गोळा, तिथे कुणीतरी पत्रा बदललाय. उंबरठा बदललेला असेल तर दरवाजेही नीट बसत नाहीत, कारण सगळा भार तिथेच असतो.

आणि काचा. चारही दरवाज्यांच्या काचांवर आणि त्या त्रिकोणी काचांवर कोपऱ्यात शिक्का असतो. एक काच वेगळी असली तर दगड लागला असेल. एका बाजूच्या सगळ्याच वेगळ्या असल्या तर गाडी त्या अंगावर पडली असेल.

आरटीओची फाइल:

मी या लोकांसारखी गाडीखाली झोपत नाही, कागद बघते. एजंटकडून स्मार्ट कार्ड किंवा झेरॉक्स घेऊ नका, जुनं आरसी पुस्तक मागा. त्यात रंग लिहिलेला असतो, इंजिन बदललं असेल तर नोंद असते, मालक बदलले असतील तर शिक्के असतात. "एकहाती" तिथेच सिद्ध होतं. डुप्लिकेट पुस्तक असेल तर मूळ कधी हरवलं ते विचारा. जुना इतिहास नकोसा झाला की पुस्तकं हरवतात, असा माझा अनुभव आहे.

डॉक्टर वारलेत, म्हणजे गाडी आधी वारसाच्या नावावर आणि मग तुमच्या. मुलगा एकटाच वारस आहे का ते विचारा, बहिणी असतील तर त्यांचंही ना हरकत पत्र लागेल. पुस्तक केव्हापासून रिन्यू नाही आणि कर किती थकलाय हेही सौद्यात धरा. नाहीतर सव्वातीन लाखांचे चार होतात.

गाडी पन्नाशीच्या वर आहे, तेव्हा २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीचा विचार करता येईल. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत आणि ती गाडी मग रोज भाजी आणायला वापरता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल-दुरुस्ती एवढंच. तुम्हाला मुलांना घेऊन महाबळेश्वरला जायचं असेल तर तो रस्ता तुमचा नाही.

कोथरूडचा नवखा:

जाऊन आलो. काका, तुम्ही सोबत असल्यासारखंच वाटत होतं.

मीटर पाच आकडी. रिंगणावर ओरखडे नाहीत. ब्रेकचं रबर नवं, खालच्या लोखंडाची उजवी कड जेमतेम घासलेली. ड्रायव्हरचा दरवाजा मात्र चांगला खडखडतो. चौकटीचं रबर उपसलं, खळगे तिन्ही बाजूंना जागेवर, फक्त डाव्या मागच्या उंबरठ्याला वीतभर पुटी. काचांवर शिक्के सगळे सारखे. ठसा स्वच्छ आला, रेघ नाही. पुस्तक मूळ, एकच नाव, रंग तोच. हेड उतरवायला मुलाने नकार दिला, कॅमेऱ्यात चारही सिलिंडरला हलकी पायरी दिसली. बॅटरी चार्ज करायला जुना डायनामोच आहे, अल्टरनेटर नाही.

आणि खरी गंमत पुढे. डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात एक लांबट वही सापडली. तारीख, मीटर, लिटर, रुपये. १९६८ पासून १९९१ पर्यंत, त्यांच्या त्या न वाचता येणाऱ्या अक्षरात, पण आकडे मात्र टपोरे. मार्च १९७९ ला एक ओळ: "केबल तुटली." त्यानंतर मीटरचा रकाना रिकामा, लिटर मात्र चालू. ऑगस्ट १९८२ ला "केबल नवी", आणि मीटर जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे.

तिथेच पडवीत बसून बेरीज केली. मधल्या ४१ महिन्यांत ६१८ लिटर पेट्रोल. आधीच्या नोंदींवरून गाडी लिटरला साडेअकरा देत होती. म्हणजे साधारण ७,१०० किलोमीटर मीटरच्या बाहेरचे. गाडी साडेपंचेचाळीस हजार चालली आहे. एजंटचा चेहरा पडला, मुलगा मात्र वही उघडून कितीतरी वेळ बघत बसला. दोन लाख ऐंशीला ठरलंय.

गिरगावकर:

मी माझा आगाऊ आकडा मागे घेतो. डॉक्टर टॅक्सीवाला निघाला नाही.

उद्यमनगर बोअरवाला:

वा! डॉक्टरांना नमस्कार सांगा म्हटलं असतं. हलकी पायरी म्हणालात ती थंड इंजिनाची, मला काळजी नाही.

आता एक ऐका. गाडी ताब्यात आली की हौसेने स्टार्टर मारू नका. तीसेक वर्षं रिंगा एकाच जागी बसल्यात, चिकटल्या असतील. चारही प्लग काढा, प्रत्येक बोअरमध्ये दोन-तीन चमचे ऑइल सोडा, दोन दिवस तसंच ठेवा. मग प्लग न लावता पुलीला पाना लावून हाताने फिरवा. फिरली तर ठीक, नाही फिरली तर जोर करू नका, पुन्हा ऑइल आणि पुन्हा थांबा. टाकीतलं पेट्रोल रोगणासारखं झालं असेल, टाकी उतरवून धुवा, नाहीतर पहिल्याच दिवशी सोलेक्स कार्ब्युरेटर चोंदेल. ब्रेकचे व्हील सिलिंडर चारही चाकांना उघडा, बाहेरून कोरडे दिसले तरी. डाव्या उंबरठ्याची पुटी काढल्याशिवाय रंग देऊ नका.

आणि ती वही सौद्यात लेखी धरा. एजंट ती रद्दीत घालेल.

कोथरूडचा नवखा:

काका, वही मागितली तर मुलगा म्हणाला, झेरॉक्स घ्या, मूळ माझ्याकडे राहू दे. मिरज स्टेशनसमोर तासभर उभं राहून ९२ पानं काढली. ऑइल शनिवारी घालतो.