मदत हवी आहे : दोन फलांच्या बेरजेचा आलेख काढताना बिंदू कुठले घ्यावेत?

नमस्कार. अकरावीतल्या माझ्या भाचीला मी बीजगणित शिकवतो आणि दोन फलांच्या बेरजेच्या आलेखापाशी आम्ही दोघेही अडलो आहोत.

फ(क्ष) = |क्ष| आणि ग(क्ष) = |क्ष − ३| हे आलेख तिने एकाच आलेख कागदावर अचूक काढले. बेरजेसाठी मी तिला कर्कटकाची रीत दाखवली. ज्या क्ष साठी बिंदू हवा, तिथली ग ची अक्षापासूनची उंची कर्कटकाच्या दोन टोकांत धरायची आणि तेवढीच फ च्या बिंदूवर चढवायची. ग अक्षाखाली असेल, तर तेवढेच अंतर खाली उतरायचे. तिने क्ष = −२, १, ४ आणि ७ घेतले, बेरजा ७, ३, ५ आणि ११ आल्या, आणि ते चार बिंदू तिने एका गुळगुळीत वक्राने जोडले. हिशोबात एकही चूक नव्हती, तरी आलेख चुकला. ० ते ३ मधला प्रत्येक पूर्णांक घ्यायला लावला, तेव्हा बेरीज चारही ठिकाणी ३ आली.

“दोन्ही आलेख खाली टोकदार आहेत, मग बेरजेचा तळ सपाट कसा, मामा?” हा तिचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. त्या पट्ट्यात क्ष एकाने वाढला की फ एकाने चढतो आणि ग एकानेच उतरतो, हे आलेखावर बोट फिरवून दाखवल्यावर तिला पटले. त्यावरून, दोन्ही आलेखांची टोके जिथे असतील ते क्ष आधी घ्यायचे, असे आम्ही ठरवले.

धन क्ष साठी क्ष + १/क्ष घेतल्यावर मात्र हे पुरेना. एक सरळ रेषा, दुसरा सतत उतरणारा वक्र, टोक कुठेच नाही; तरीही क्ष = १/२ ला बेरीज २.५, १ ला २ आणि २ ला पुन्हा २.५ येते. (√क्ष − १/√क्ष)² ऋण नसतो, यावरून २ ही किमान किंमत सिद्ध होते हे मला ठाऊक आहे, परंतु नुसत्या आलेखाकडे पाहून ते सुचत नाही, आणि विकलन तिला अजून शिकवलेले नाही.

वक्राला मोजपट्टी टेकवून, तिचा उतार रेषेच्या चढाइतका होतो ती जागा शोधायला सांगावी का? ज्यांनी हा भाग वर्गात शिकवला आहे, त्यांनी विद्यार्थ्यांना ही जागा कशी दाखवली, ते कृपया सविस्तर लिहावे.