घाट चढताना इंजिन तापतं, सपाटीवर नाही. हेड उघडण्याआधी काय तपासावं?

घाटवाट:
१.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१४ चं मॉडेल, ९२ हजार किमी. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढताना एसी लावून दुसऱ्या गिअरमध्ये तापमानाचा काटा वर सरकतो, एसी बंद केला की थोडा उतरतो. गावातल्या ट्रॅफिकमध्ये किंवा हायवेला ८०-९० च्या वेगात त्रास नाही. पंखा लागतो. गळती दिसत नाही, तरी रिझर्व्ह टाकीत आठवड्याला पाव लिटर तरी भरावं लागतं. गॅरेजवाल्यांनी थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की उघडणारी झडप) काढून टाकला आणि कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं. फरक शून्य. आता हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, हेड उघडू म्हणतात. घरी काय काय तपासता येईल?

पाना१०१२:
गाडी कुठे तापते यावरून अर्धं निदान होतं. उभ्या गाडीत तापली असती तर पंखा, त्याचा रिले, फ्यूज बघा म्हटलं असतं. तुमचा पंखा लागतो आणि ट्रॅफिकमध्ये काटा स्थिर आहे, म्हणजे तो संशय जवळपास गेला. (पंखा दोन स्पीडचा असेल तर एसी लावून आणि एसीशिवाय, दोन्ही वेळा लागतो ना बघून घ्या.) फक्त चढावर तापतं, याचा अर्थ जास्त लोड आला की उष्णता बाहेर टाकायला यंत्रणा कमी पडते. रेडिएटर आतून चोंदलाय, किंवा कंडेन्सर (एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत माती-पिसं भरलीत, किंवा पाण्याचा प्रवाहच कमी आहे.

थर्मोस्टॅट आधी परत बसवा. तो काढला की गाडी थंड राहते हा समज पक्का रुजलाय, पण बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. इंजिन गरम झालं की वरची झडप रेडिएटरची वाट उघडते आणि खालची चकती बायपास बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल तर बायपास कायम उघडा, आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता तसंच फिरून इंजिनात येतं. चढावर नेमकं हेच नडतं. शिवाय सपाटीवर इंजिन पुरेसं गरम होत नाही, ईसीयू (इंजिनचा संगणक) जास्त पेट्रोल सोडतो, ॲव्हरेज पडतं. नवा घेताना जुन्यावर कोरलेला आकडा बघा, ८२ किंवा ८८ असा असतो. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तपासा. त्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे, ९५ ला चांगला उघडलेला दिसला पाहिजे. छोटी जिगल पिन (हवेच्या भोकातली हलती पिन) असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर हवा अडकते.

काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो ८० ते १०० च्या दरम्यान मुद्दाम मध्येच धरून ठेवलेला असतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणारं यंत्र) लावून तापमानाचा आकडा वाचा.

गॅस्केट_आणि_गोष्टी:
पाणी कमी होतंय म्हणून लगेच हेड गॅस्केट हा निष्कर्ष घाईचा आहे, पण शंका रास्त आहे. हेड न उघडता या चाचण्या होतात.

सकाळी थंड इंजिनवर स्टार्ट करा आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) हातात धरा. एक-दोन मिनिटांत, होज अजून थंड असतानाच तो दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. मग ब्लॉक टेस्ट: निळं द्रावण रेडिएटरच्या तोंडावर धरून गॅस त्यातून ओढतात, ते पिवळं पडलं की गॅस्केट किंवा हेड. ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाळ फेस, गरम इंजिनवरही सायलेन्सरमधून पांढरा धूर, या पुढच्या पायऱ्या. हे काहीच नसलं तरी गॅस्केटची किरकोळ गळती असू शकते, म्हणून ब्लॉक टेस्ट सोडू नका.

दुसरं, रेडिएटरचं झाकण. स्वस्त भाग, म्हणून कुणी बघत नाही. कूलंट आणि पाण्याचं ५०:५० मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, १.१ बारच्या झाकणाखाली १२५ च्या पुढे. झाकणाचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, हेडमध्ये वाफ होते, पाणी टाकीत ढकललं जातं आणि तिथून बाहेर. गाडी थंड झाल्यावर वरचा होज चपटा दिसला तर झाकणातली परतीची झडप अडकली आहे.

घाटात आकडा ११० च्या वर गेला तर एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, आणि जागा मिळताच बाजूला घ्या. झाकण किमान पाऊण तास उघडायचं नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेड तडकतं.

घाटवाट:
होज गरम होईपर्यंत मऊच राहिला, द्रावण निळंच. झाकणाच्या रबराला भेगा. इन्फ्रारेड थर्मामीटरने बघितलं तर रेडिएटरचा खालचा पट्टा वरच्यापेक्षा फारच थंड.

पाना१०१२:
मग हेडला हात लावू नका. खालच्या नळ्या गाळाने बंद आहेत, आणि बोअरच्या क्षाराने त्यात भरच पडली. प्लास्टिक टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला जुन्या पितळी रेडिएटरसारखं खोलून सळई मारता येत नाही आणि ॲसिड तर अजिबात नको. नवा बसवा, सोबत झाकण आणि थर्मोस्टॅट, ओ-रिंग नवी.

भरताना एक गोष्ट फार जण चुकतात. ड्रेन केल्यावर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये लिटरभर तरी पाणी राहतं. त्यावर रेडी-मिक्स (आधीच पाणी घातलेलं कूलंट) ओतलं तर मिश्रण पातळ होतं. म्हणून आधी साध्या डिस्टिल्ड वॉटरने इंजिन धुवा, निघणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. मग पुस्तकातल्या एकूण क्षमतेच्या निम्मं बिनपाण्याचं कॉन्सन्ट्रेट (क्षमता ४ लिटर असेल तर २) आधी घाला आणि वर डिस्टिल्ड वॉटर. कूलंट रंग बघून घेऊ नका, पुस्तकात सांगितलेला प्रकारच घ्या. दोन प्रकार मिसळले की गंजरोधकाचं आयुष्य घटतं.

हवा काढायला गाडीचं नाक चढावर, हीटर गरम, इंजिन थंड असतानाच झाकण उघडून स्टार्ट करा. पातळी खाली गेली की भरत राहा. बुडबुडे थांबले आणि हीटरमधून गरम हवा आली की झाकण लावा, पंखा दोनदा लागून बंद होऊ द्या. गार झाल्यावर टाकीवर मार्करने रेघ मारा.

गॅस्केट_आणि_गोष्टी:
पातळी पुन्हा रेघेखाली गेली तर हातपंपाने १.१ बार दाब देऊन बघा. इंजिनच्या वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकाशी पांढरट डाग आणि पुढच्या सीटखालची ओली मॅट, या दोन जागा आधी बघा. मॅटला गोडसर वास आला तर हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय.