मदत हवी आहे : डायलिसिसवर असलेल्या सहकाऱ्याची पाळी, पगारवाढ आणि ईएसआय यांचा मेळ कसा घालावा?

नमस्कार. वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका लहान पॅकेजिंग कारखान्यात मी हजेरी आणि पगाराचे काम पाहतो. आमच्याकडे स्वतंत्र एचआर विभाग नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच टेबलावर येऊन पडला आहे.

काणकोणहून येणारे आमचे एक जुने मशीन ऑपरेटर गेल्या पावसाळ्यापासून डायलिसिसवर आहेत. सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी मडगावला चार-चार तास जातात, म्हणून त्या दिवशी ते सकाळी सातला कामावर येतात आणि एक वाजता निघतात. डाव्या हातात फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असल्यामुळे त्या हाताने जड खोकी उचलायची नाहीत, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मशीन चालवण्यात मात्र काहीच अडचण नाही, आणि खरे सांगायचे तर त्या मशीनची खोड त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळतही नाही. तरीही त्यांना कमी पगारावर गेटवर बसवावे, असे वरिष्ठांनी बोलून दाखवले. ते मी तूर्त थोपवून धरले आहे.

खरा पेच पगाराचा आहे. त्यांना २०,४०० रुपये मिळतात आणि ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, वेतनमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. उपचाराचा सगळा भार ईएसआयवर आहे. १ एप्रिलपासूनच वाढ लागू केली तर ते मर्यादा ओलांडून थेट योजनेबाहेर पडतील. मे महिन्यात दिली तर वर्गणीचा कालखंड संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, सदस्यत्व टिकेल, पण प्रश्न केवळ सहा महिन्यांनी पुढे जाईल. सगळ्यांना वाढ आणि त्यांना एकट्यालाच नाही, हे मला पटत नाही. वाढ देऊन उपचार काढून घेणे त्याहून वाईट.

ईएसआयचा आजारपणाचा भत्ता वेतनाच्या ७० टक्के असतो, आणि दीर्घकालीन मूत्रपिंड निकामी होणे हा आजार वाढीव भत्त्याच्या यादीत असल्यामुळे पुढे ८० टक्केही मिळू शकतो. मात्र ज्या दिवशी माणूस काम करतो त्या दिवसाचा भत्ता मिळत नाही. म्हणजे घरी बसणाऱ्याला आधार आणि सहा तास उभे राहून काम करणाऱ्याची अर्ध्या दिवसाची कपात, असा उफराटा हिशेब होतो.

आजाराविषयी कोणाला सांगू नका, अशी त्यांची विनंती आहे. त्यामुळे लाइनवर कुजबुज वाढली आहे: यांनाच ओव्हरटाइम का नाही, हेच लवकर का जातात? परवा एका सहकाऱ्याने त्यांचा उतरलेला चेहरा पाहून प्रेमाने आडसर आणून दिले. नारळपाण्यातले पोटॅशियम त्यांना वर्ज्य. त्यांनी हसून ते घेतले आणि मी पाहत असताना मशीनमागे ठेवून दिले.

येथील जाणकारांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मूळ पगार न वाढवता त्यांच्या हाती रक्कम पडेल, अशी ईएसआयच्या नियमांत बसणारी व्यवस्था कोणी केली आहे का? आणि आजाराचे नाव न घेता पाळीतील सवलत आपल्या माणसांना कोणत्या शब्दांत समजावलीत? शक्य असल्यास तुम्ही काढलेल्या सूचनेचा मजकूरच येथे द्यावा. सोमवारी सकाळी मला पाळीचा नवा तक्ता लावायचा आहे.